सातच्या आत ताटात?

आमच्या इमारतीसमोरच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांचा एक कट्टा आहे. तीन फेऱ्या आणि तासभर गप्पा, असं तिथलं प्रमाण. गेलं वर्षभर या कट्ट्यावर एकच पारायण चालू आहे: रात्रीचं जेवण सातच्या आत. सात वाजले की शरीर म्हणे दुकान बंद करतं. मग पोटात जाईल ते सगळं चरबी होऊन कमरेला बसतं. सातच्या आत उरकलं तर मात्र काय खाल्लं, किती खाल्लं, याची चिंता नको, वजन आपसूक उतरतं. एके काळी घरातल्या मुलींना ‘सातच्या आत घरात’ असा दम भरणारी पिढी आता तोच दम पोळीभाजीला भरते आहे.

माझे शेजारी नाना या पंथातले कडवे. पावणेसातला त्यांचं ताट वाढलेलं असतं. दोन कोरडे फुलके, भाजी, वाटीभर आमटी, काकडी. भात वर्ज्य. सव्वासातला ताट घासून पालथं. साडेनऊला टीव्हीसमोर बसले की शेजारचा स्टीलचा डबा उघडतो. पातळ पोह्यांचा चिवडा, त्यात शेंगदाणे सढळ हाताने, वरून बारीक शेव. “हे काही जेवण नव्हे, नुसतं तोंडात टाकायला.” एकदा गमतीने मी त्यांची वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा जाता सत्तर ग्रॅम चिवडा. तेल आणि शेंगदाण्याचा हा ऐवज शंभर ग्रॅमला पाचशे कॅलरींच्या आसपास धरला, तर झाल्या साडेतीनशे. पावणेसातच्या दोन फुलक्यांच्या जवळपास दुप्पट. सहा महिन्यांत नानांचं वजन अर्धा किलो वाढलं. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, अजून लवकर जेवायला हवं. सध्या ते सव्वासहावर आले आहेत.

नानांची चेष्टा करून विषय संपवता आला असता. पण हा समज एकट्या नानांचा नाही आणि तो अगदीच हवेतून आलेला नाही. त्याच्या मागे अर्धवट वाचलेलं विज्ञान आहे, अर्धवट आठवलेली परंपरा आहे आणि ‘मला फरक पडला’ अशी साक्ष देणारी खरी माणसं आहेत. तेव्हा एकेकाला सामोरं जाऊ.

आधी विज्ञान, कारण कट्ट्यावर तेच सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितलं जातं. पुरावा म्हणून हटकून येतो तो २०१३ सालचा इस्रायलमधला प्रयोग, डॅनिएला याकुबोविच यांचा. वजन जास्त असलेल्या ९३ स्त्रियांचे दोन गट केले. दोन्ही गटांना दिवसाला १४०० कॅलरींचा आहार सांगितला. एका गटाने सकाळी ७००, दुपारी ५००, रात्री २०० अशी विभागणी करायची, दुसऱ्याने बरोबर उलट. बारा आठवड्यांनी सकाळवाल्या गटाचं वजन सरासरी ८.७ किलोने उतरलं, रात्रवाल्यांचं ३.६ किलोने. आता बोला, असं म्हणून मंडळी हाताची घडी घालून बसतात.

बोलतो. पण आधी थोडं गणित करू. फरक ५.१ किलोचा. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. सगळा फरक चरबीचा धरला तर तो होतो सुमारे ३९ हजार कॅलरींचा, ८४ दिवसांत. म्हणजे रोजच्या साडेचारशेहून अधिक. आता, अन्न पचवायलाच शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती असते खाल्लेल्याच्या सुमारे दहा टक्के. १४०० कॅलरींवर १४०. रात्री जेवणाऱ्या बायकांना अन्न पचवायला अगदी शून्य खर्च आला असं मानलं, तरी हिशेबात तीनशेहून जास्त कॅलरींची तूट राहते. ती घड्याळाने भरून निघत नाही. ती भरते एकाच साध्या शक्यतेने: दोन्ही गटांनी सांगितलेलं तेवढंच खाल्लं नाही. बायका आपापल्या घरी राहत होत्या, आपलं आपण खात होत्या. सकाळी दोनशे कॅलरींवर बाहेर पडलेली बाई दिवसभरात कुठे तरी काही तरी तोंडात टाकणार, आणि वहीत ते लिहायचं राहणार. यात खोटेपणा नाही, माणूसपण आहे. आपल्याकडे उपासाच्या दिवशी खाल्लेल्या साबुदाणा वड्यांचा हिशेब कोण ठेवतो?

मग खरं कसं कळणार? माणसांना सगळं अन्न मोजून, शिजवून, डब्यात भरून द्यायचं आणि फक्त वेळ बदलायची. हे झालेलं आहे. २०२२ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला तीस जणांवर असा प्रयोग झाला. चार आठवडे दिवसातल्या अन्नाचा मोठा वाटा सकाळी, आणखी चार आठवडे तोच मोठा वाटा रात्री, दोन्ही वेळा एकूण अन्न सारखंच आणि प्रयोगशाळेने पुरवलेलं. वजनातली घट दोन्हीकडे सव्वातीन-साडेतीन किलोंच्या दरम्यान, जणू एका काट्यावर एकाच माणसाला दोनदा तोललं. शरीर किती ऊर्जा खर्च करतं तेही त्यांनी मोजलं. तिथेही फरक नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४१ माणसं, बारा आठवडे, अन्न पुरवलेलं. एका गटाने दहा तासांच्या आत सगळं खायचं आणि त्यातलं ८० टक्के दुपारी एकच्या आधी. दुसऱ्या गटाने निम्मं किंवा अधिक संध्याकाळी पाचनंतर. पहिल्या गटाचं वजन २.३ किलोने उतरलं, दुसऱ्याचं २.६ किलोने. उशिरा खाणारे तसूभर पुढेच होते, पण तो फरक मनावर घेण्याइतका नव्हता.

जिथे अन्न मोजून दिलं, तिथे घड्याळाची जादू नाहीशी झाली. जिथे माणसांच्या हाती ठेवलं, तिथे ती कधी दिसते, कधी दिसत नाही. हा फरक ज्याच्या लक्षात आला, त्याला या वादातलं निम्मं कळलं.

उरलेलं निम्मं चीनमधल्या ग्वांगचौच्या प्रयोगात आहे. १३९ लठ्ठ माणसं, तब्बल एक वर्ष. दोन्ही गटांना कमी कॅलरींचा आहार सांगितलेला. एकाने तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच संपवायचा, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. वर्षाअखेरीस पहिल्याची घट आठ किलो, दुसऱ्याची ६.३ किलो. हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा निघाला. दुपारी चारनंतर वर्षभर तोंडाला कुलूप लावून इतकंच! आणि २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ११६ जणांना काहीच मोजू नका, फक्त दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खा, असं सांगून पाहिलं. बारा आठवड्यांत किलोभर वजनही उतरलं नाही, आणि तीन वेळा जेवणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा वेगळं काही घडलं नाही. या प्रयोगातले प्रमुख डॉक्टर ईथन वाइस स्वतः कित्येक वर्षं तसाच उपास करत होते. निकाल हाती आल्यावर त्यांनी तो सोडला. आपल्या कट्ट्यावर असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

समोरच्या बाजूचा हुकमाचा पत्ता मी लपवणार नाही. बर्मिंगहॅम, अलाबामा इथे ९० जणांवर झालेल्या प्रयोगात सकाळी सात ते दुपारी तीन एवढ्यातच खाणाऱ्यांचं वजन चौदा आठवड्यांत दुसऱ्या गटापेक्षा २.३ किलोने जास्त उतरलं. हे खरं आहे. संशोधकांनी त्याचं मोलही सांगितलं: रोज २१४ कॅलरी कमी खाल्ल्याने जे झालं असतं, तेवढं. दोन चमचे तेल आणि एक बिस्कीट. शिवाय दुपारी तीनला रात्रीचं जेवण उरकायचं, हे बोलायला ठीक आहे. घरात नातवाचा वाढदिवस असला की केक कितीला कापायचा, अडीचला?

बोस्टनचा २०२२ चा प्रयोग त्याहून बारीक आहे आणि मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. सोळा माणसं, सारखंच अन्न, फक्त वेळा चार तासांनी पुढे ढकललेल्या. उशिरा खाल्लं तेव्हा ऊर्जेचा खर्च सुमारे पाच टक्क्यांनी, म्हणजे दिवसाला साठ कॅलरींच्या आसपास घटला. आणि भूक वाढली. पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणारं लेप्टिन हे संप्रेरक जागेपणी कमी भरलं. साठ कॅलरींच्या हिशेबाने किलोभर चरबी साठायला चार महिन्यांहून जास्त लागतील. पण भूक? वाढलेल्या भुकेला एका बैठकीत तीनशे कॅलरी सहज पुरत नाहीत. ॲबरडीनमध्येही हेच दिसलं होतं: वजन सारखंच, पण सकाळी भरपूर खाल्लेल्यांना दिवसभर भूक कमी. म्हणजे वेळेचा परिणाम होतो, पण तो थेट कमरेवर होत नाही, भुकेवर होतो. मधल्या पायरीचं नाव ‘किती खाल्लं’ हेच आहे, आणि नेमकी तीच पायरी कट्ट्यावाल्यांनी काढून टाकली आहे.

उंदरांचं थोडक्यात उरकतो. उंदराला त्याच्या झोपायच्या वेळी चरबीयुक्त खाणं दिलं की तो जास्त लठ्ठ होतो, हे दाखवणारे प्रयोग झाले आहेत आणि ते चांगले आहेत. पण उंदीर रात्री जागतो आणि एक दिवस उपाशी ठेवला तर त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा झडतो. त्याचे आठ तास म्हणजे आपले आठ तास नव्हेत.

आता परंपरा. “आमचे आजोबा दिवेलागणीला जेवायचे आणि शेवटपर्यंत काठीसारखे होते.” आजोबा दिवेलागणीला जेवायचे कारण रॉकेल जपून वापरायचं होतं आणि पहाटे मोटेवर जायचं होतं. त्यांच्या ताटात चार भाकऱ्या असत, आणि त्या चार भाकऱ्यांचं काय करायचं हे त्यांच्या दिवसाला ठाऊक होतं. महत्त्वाचं म्हणजे जेवण झाल्यावर चूल विझली की घरात खाण्यासारखं काही उरायचंच नाही. चिवड्याचा डबा दिवाळीत भरायचा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत संपायचा. आजोबांना वाचवलं ते सात वाजण्याने नाही, रिकाम्या फडताळाने.

आयुर्वेदाची साक्षही काढली जाते. काढा, पण पूर्ण काढा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायाचं नावच ‘मात्राशितीय’ आहे. मात्रा, म्हणजे प्रमाण. विमानस्थानातला दुसरा अध्याय पोटाचे तीन भाग कल्पून त्यातला किती कशासाठी ठेवायचा हे सांगतो. आधीचं पचल्यावरच पुढचं खावं, असं चरक सांगतात. म्हणजे भूक पाहा, मात्रा पाहा. प्रमाणासाठी अख्खा अध्याय देणाऱ्या ग्रंथाच्या नावावर ‘कितीही खा, फक्त सातच्या आत’ हे खपवायचं, याला धाडस लागतं.

मराठी माणसाला तर हा धडा घरबसल्या मिळाला होता, आणि तो आपण वाया घालवला. २०१८ च्या सुमारास घरोघरी वधूपक्ष आणि वरपक्ष पडावेत तसे दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभं असलेलं हे सांगणं: प्रत्येक खाण्याला इन्सुलिन पाझरतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. एकाच्या मते वारंवार खाणं हेच दुखणं, दुसरीच्या मते तेच औषध. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली दोन माणसं यावरून ताटावरून उठायची बाकी होती.

आणि गंमत अशी की वजन दोन्हीकडच्या लोकांचं उतरत होतं. मला तेव्हाही आश्चर्य वाटायचं की या गोष्टीवर कुणी थबकून विचार का करत नाही. एकमेकांच्या बरोबर उलट असलेल्या दोन वेळापत्रकांनी एकच परिणाम होत असेल, तर तो परिणाम वेळापत्रकाचा कसा? दोनदा जेवणाऱ्याचा ऑफिसातला चारचा समोसा सुटला, चहाबरोबरची खारी सुटली, जेवणानंतरची बर्फी सुटली, वर चालणं सुरू झालं. दोन तासांनी खाणाऱ्याच्या हातात वड्याऐवजी फळ आणि मूठभर चणे आले, आणि रात्री तो ताटावर वखवखून तुटून पडेनासा झाला. दोघांनीही कुंपण घातलं. कुंपण वेगवेगळ्या जागी होतं, पण आत येणारी गुरं कमी झाली. श्रेय मात्र कुंपणाच्या रंगाला मिळालं.

‘मला फरक पडला’ म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं भांडण नाही. पडलाच असेल. ज्याचं सगळं वेड्यासारखं खाणं रात्री नऊ ते अकरा या वेळात, फ्रिजच्या उघड्या दारात उभ्याने होतं, त्याने सातला कुलूप लावलं तर त्याचं वजन उतरणारच. त्याने ते जरूर लावावं. माझं भांडण पुढच्या वाक्याशी आहे: “म्हणून तुम्हीही.” ज्याचा घात सकाळी अकराच्या मिसळीने आणि पाचच्या भज्यांनी होतो, त्याला सातचं कुलूप काय राखणार?

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाही तर माझ्यावर उलटा आळ येईल. वेळेला वजनापलीकडे अर्थ आहे. संध्याकाळनंतर शरीर साखर तितक्या चपळाईने हाताळत नाही, हे पक्कं आहे. मधुमेह असलेल्याला उशिराचं भरपेट जेवण साखरेच्या आकड्यात दिसतं. पित्ताचा त्रास असलेल्याला जेवून लगेच आडवं होणं बाधतं. ही कारणं असतील तर लवकर जेवा, उत्तमच. पण ते वजनाच्या नावाखाली सांगू नका. आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने कट्ट्यावरच्या सल्ल्याने जेवणाच्या वेळा हलवू नयेत. साखर एकदम उतरून माणूस खुर्चीवरून कोसळलेला मी पाहिला आहे. सल्ला देणारा तेव्हा बागेत दुसरी फेरी मारत होता.

माझा खरा राग आणखी वेगळ्याच कारणासाठी आहे. सात वाजता जेवता येणं ही पेन्शनीची चैन आहे. आमच्या मजल्यावर एक बाई राहतात. फोर्टमधल्या कचेरीतून सहाला सुटतात, सीएसएमटीहून गाडी पकडतात, चौथ्या सीटवर अर्ध्या टेकून गवार मोडत येतात. घरी पोचेपर्यंत आठ. मग कुकर, मुलाचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या. त्यांचं स्वतःचं जेवण साडेनऊला, सगळ्यांच्या शेवटी, कढईत उरलेल्या भाजीबरोबर. गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये एका कट्टेकरी गृहस्थांनी त्यांना ऐकवलं, “ताई, तुम्ही रात्री उशिरा जेवता ना, म्हणूनच हे वजन.” माणूस वाईट नाही, काळजीनेच बोलला. पण बाईंनी ते मनाला लावून घेतलं. आता त्या सहाला कचेरीतच चहाबरोबर क्रीमच्या बिस्किटांचा छोटा पुडा संपवतात, ते ‘सातच्या आतलं जेवण’. रात्री सगळ्यांना वाढून स्वतः पाणी पिऊन झोपतात. अकराला झोप येत नाही म्हणून उठतात आणि मुलाच्या डब्यासाठी आणलेला पाव जॅम लावून उभ्यानेच खातात. हे त्यांनीच माझ्या बायकोला सांगितलं, हसत हसत, गुन्हा कबूल करावा तसं.

रात्रपाळीच्या नर्सेस, वॉचमन, कॉल सेंटरमधली पोरं, हॉटेलात दुसऱ्यांची ताटं उचलून बाराला जेवणारे वेटर, यांची गत तीच. त्यांना कमी झोपेचा त्रास आहे, उभ्याने घाईत खाण्याचा आहे, तळलेलं तेवढंच वेळेला मिळतं याचा आहे. यातलं एकही दुखणं ‘सातच्या आत जेवा’ असं म्हटल्याने सुटत नाही. उलट, जे त्यांच्या हातात आहे, म्हणजे ताटात काय आणि किती, ते क्षुल्लक ठरतं, आणि जे हातात नाही, त्याचा ठपका मात्र त्यांच्या माथी येतो.

नानांना मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. एक, सव्वासहाचं जेवण खुशाल चालू ठेवा, पण महिनाभर चिवड्याचा डबा माझ्या घरी ठेवा. दोन, तेलाची पिशवी किती दिवसांत संपते ते कॅलेंडरवर लिहा. लिटरभर तेलात आठ हजारांहून जास्त कॅलरी असतात आणि ते सकाळी सातला खाल्लं तरी तेवढ्याच असतात. दुसरी सूचना वहिनींनी लगेच उचलली. डबा अजून आलेला नाही.

आणि त्या बाईंना कुणी लिफ्टमध्ये भेटलंच, तर एवढंच करा: काही सांगू नका. त्यांना साडेनऊला दोन पोळ्या, भाजी, वरण असं बसून जेवू द्या.